गाडी तुमची, माणसं आमची

मनुष्यजातीनं उद्या आपली आकाशगंगा सोडून दुसऱ्या एखाद्या आकाशगंगेत राहायला जायचं ठरवलं, तर त्या प्रवासाची सगळी तयारी, अगदी म्हशीच्या वैरणीसकट, पवनेकाठच्या एका गावात केव्हाच होऊन बसली होती, ही गोष्ट जगाला अजून कळलेली नाही. जगाचं एक सोडा, ती पुण्यालासुद्धा कळलेली नाही, आणि पुण्याला न कळलेली गोष्ट म्हणजे किती गुप्त ते तुम्हीच समजा. ही तयारी करणारे गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्याची चिमणी अजून अर्धीच वर आली होती, तेव्हा मी नगरकडून नोकरीला आलो आणि त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. कारखाना ज्या रानात उभा राहिला त्यातलं बरंचसं रान आमच्या घरमालकांचंच. तरी पहिल्या दिवशी माझी वळकटी स्वतःच्या डोक्यावरून आणत ते म्हणाले, "पाव्हनं, रान तर तुमच्या कंपनीला दिलंच हाय, आता खोली तुमाला. ऱ्हावा बिनघोर." मी चार वर्षं राहिलो आणि चारही वर्षं 'पाव्हनं'च राहिलो.

दिसायला ते असे, की त्यांच्या मिशा आधी दारातून आत येत आणि मग थोड्या वेळानं ते. आवाज म्हणाल तर त्यांनी ओट्यावरून "जेवाया या" म्हटलं की नदीच्या पलीकडच्या काठावर माणसं पायांत वहाणा घालू लागत. गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना आबा म्हणत. पण या मिशांपेक्षा आणि आवाजापेक्षा मोठी गोष्ट अशी, की या माणसाला एकट्यानं काहीही करता येत नसे. एकट्यानं जेवता येत नसे. ताट समोर आलं की ते ओट्यावर येऊन रस्त्यानं जाणारा कुणी ना कुणी धरून आणीत. एकदा टपालवाल्याला धरलं, तर त्या दिवशी पुढच्या दोन गावांना पत्रंच गेली नाहीत. एकट्यानं दाढी करून घेता येत नसे. आणखी दोघे तिघे गाल ओले करून शेजारी बसले पाहिजेत. पहाटे परसाकडे निघाले तरी हाका मारून पाच-सहा टमरेलं बरोबर घेत, आणि ती मंडळी इतकी गप्पा मारीत येत की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुठला तरी सत्कार आटोपून चालली आहेत. एका पावसाळ्यात त्यांना हिवताप आला. तापाचं त्यांना काही नव्हतं. गावात तो दुसऱ्या कुणालाच आला नाही, याचं मात्र वाईट वाटत होतं. "आमी" हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की "आमचं डोस्कं दुखतंय" म्हणाले, की गावातल्या नेमक्या किती जणांचं दुखतंय असा प्रश्न पडे.

अशा माणसाचा आकाशगंगेशी संबंध आला तो गणपतीत. देवळापुढच्या पटांगणात पुण्याहून एक प्राध्यापक जादूचा कंदील घेऊन व्याख्यानाला आले. परटाचं धुतलेलं धोतर दोन बांबूंना ताणून बांधलं होतं. त्यावर त्यांनी चंद्र दाखवला, शनी दाखवला, आणि शेवटी एक धुरकट पांढरा डाग दाखवला. मंडळींना वाटलं, धोतर नीट धुतलेलं नाही. परीट उठून निषेध करायच्या बेतात होता, तेवढ्यात प्राध्यापकांनी सांगितलं की ही देवयानी. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा. तिथून निघालेला उजेड इथं पोचायलाच कित्येक लाख वर्षं लागतात. "चंद्रावर माणूस एक दिवस जाईल," ते म्हणाले, "पण आपल्या आकाशगंगेची शीव ओलांडणं माणसाला कधीच शक्य नाही. एका माणसाचं आयुष्य त्याला पुरणार नाही."

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त आमचे घरमालक उठून उभे राहिले. त्यांच्या मिशांची सावली देवयानीवर पडली.

"मास्तर, येका मानसाचं न्हाई पुरायचं. पर गावाचं पुरंल की!"

"म्हणजे कसं?"

"मानूस मरतं. गाव कुटं मरतं? ह्या देवळाची पायरी कुनी बसवली, हितं येकालाबी ठावं न्हाई. त्यो मेला. पर गाव हाय का न्हाई? समदं गावच न्यायचं. वाटंत म्हातारी मरत्याल, पोरं जन्मत्याल. पोचंल तवा गावच पोचंल."

प्राध्यापक चांगला माणूस होता. तो मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, "अहो, पण सबंध गाव न्यायचं कशात?"

"ते तुमी बगा," घरमालक म्हणाले. "गाडी तुमची, मानसं आमची."

दुसऱ्या माणसानं हे बोलणं गॅसबत्ती विझेपर्यंत विसरून टाकलं असतं. यांनी दुसऱ्या दिवशी सुपाऱ्या आणल्या. आमच्याकडे लग्नकार्याला वाजंत्री ठरवायचे तर सुपारी द्यायची, आणि ती घेतली की शब्द बांधला गेला, मग आभाळ कोसळलं तरी यायचं. त्याप्रमाणे हे घरोघर हिंडून देवयानीला जायच्या सुपाऱ्या देऊ लागले. लोहाराला दिली, सुताराला दिली, कुंभाराला दिली. न्हाव्यानं हात पुढं करण्याआधी विचारलं, "आबा, तितं क्यास वाढत्यात का?"

"वाढत्याल न्हाई तर काय! पिढ्यान् पिढ्या वाढत्याल. तुला मान वर कराया फुरसत न्हाई व्हायची."

न्हाव्यानं सुपारी घेतली आणि तिथंच फोडून खाल्ली. कुंभार म्हणाला, तिकडची माती कशी असंल कुणाला ठाऊक. मग नदीकाठची पाटीभर माती विरजणासारखी न्यायचं ठरलं. गुरवाचा प्रश्न अवघड होता. देऊळ न्यायचं कबूल, पण शिवेवरच्या म्हसोबाचं काय? यावर चार दिवस ओट्यावर खल झाला आणि म्हसोबाला इथंच ठेवायचा निकाल लागला. शीव राखणारा देव शीव सोडून नेणार कसा? मला सुपारी मिळाली ती तलाठी म्हणून. मी शिकलेला असल्यामुळे शंका काढणं मला भाग होतं. मी विचारलं, "आबा, पण वाटेत जन्मणाऱ्या पोरांचं काय? त्यांना ना इकडचं गाव, ना तिकडचं."

"पोरं गावातच जन्मत्याल की, पाव्हनं. गाव चालत आसंल, येवडंच."

मग सोयरिकीची अडचण निघाली. निम्मं गाव एकाच भावकीतलं, वाटेत लग्नं लागायची कुणाशी? तेव्हा दुसरं एक गाव बरोबर हवंच, म्हणून घरमालक मला घेऊन रहाटणीला गेले. रहाटणीच्या मंडळींनी गूळपाणी केलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यायला आमची ना न्हाई. पर आमची गाडी म्होरं ऱ्हाईल." आकाशगंगेच्या बाहेर जायला माणसाला आजवर कशाकशाची अडचण आली असेल ती असो, आमच्या इथं ती मानपानावर अडली. परतताना घरमालक नदीच्या पाण्यातून तरातरा पुढं चालले होते. "म्होरं म्हनं! वाट तर ठावं हाय का ह्यांला?" जसे काही ते स्वतः दर बाजारच्या दिवशी देवयानीला जाऊन येत होते.

एकानं मात्र सुपारी घेतली नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला तो गडी, नुकताच कंपनीत लागलेला, अंगानं काटक, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्यानं सुपारीकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, तितं पानवठा येक आसंल का दोन?"

घरमालकांना बोलायला एवढा वेळ लागलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग ते म्हणाले, "येकच. दोन पानवठ्याला जागा कुटली तितं?"

"मंग हितंबी जागा न्हाई आसं समजा की. पानवठा येक झाला की घेतो सुपारी."

तो कामावर निघून गेला. सुपारी घरमालकांच्या तळहातावर तशीच राहिली. त्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांनी कुणाला बोलावलं नाही, आणि ते जेवलेही नाहीत.

आणि घरच्या मावशींचा तर सरळ विरोधच होता. मावशी म्हणजे घरमालकीण. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, नवऱ्याच्या सगळ्या हाका संपल्यावर एका वाक्यात निकाल देणाऱ्या. "मी न्हाई येनार," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "म्हशीला कोन बगंल?"

"अगं, म्हस बी नेऊ!"

"म्हस बुजती. परवा सायकलीला बुजली. ती तुमच्या त्या इमानात बसंल व्हय? तुमी जावा, आन् पोचलासा की सांगावा धाडा."

त्यांना सुपारी द्यायची घरमालकांची छातीच झाली नाही.

याच सुमारास कंपनीची चिमणी पुरी झाली आणि भोंगा वाजू लागला. पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा गावातल्या सगळ्या कोंबड्या झाडावर चढल्या त्या खाली यायला तयार नव्हत्या. माणसांचं उलट झालं. ती एकेक करून ओट्यांवरून खाली उतरून भोंग्याच्या दिशेनं चालू लागली. ज्या रानावर बलुतं मिळायचं ते रान राहिलं नव्हतं. आधी लोहार गेला. घरमालक ओट्यावर बसून मला समजावू लागले, "शिकाया गेलाय, पाव्हनं. मोठी यंत्रं शिकतोय. वाटंत इमान नादुरुस्त झालं तर?" मग सुतार गेला, तोही शिकायला. न्हाव्यानं स्टेशनपाशी आरसे लावून दुकान थाटलं, तेव्हा म्हणाले, "बरं झालं. परवासी मानसाची हजामत कशी करत्यात त्येचा आनुभव हुईल." परीट कंपनीत रखवालदार झाला. त्याचं समर्थन करायला त्यांना दोन दिवस लागले, पण केलं. गावातून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी देवयानीच्याच तयारीला जात होता. मी हसत असे. आता आठवतं ते असं, की ते स्वतः हसत नसत.

मग एका कार्तिकात वर्तमानपत्रात आलं, की रशियानं एका कुत्रीला यानात बसवून आकाशात सोडलं. मी ओट्यावर बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मला वाटलं, यांना आनंद होईल. गाडीची सोय झाली की!

त्यांनी विचारलं, "बरूबर कोन?"

"कुणी नाही. एकटीच."

"माघारी कशी आनायची?"

"तशी सोय नाही, आबा."

ते उठले. आत जाऊन भाकऱ्यांची दुरडी उचलून बाहेर आले, आणि त्या संध्याकाळी गावातल्या झाडून साऱ्या कुत्र्यांना भाकरी मिळाली. मावशी दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अवो, आपल्याला तरी ठेवा की चार," आणि हे "येकटीला सोडली, येकटीला सोडली," असं पुटपुटत तुकडे मोडत होते. नंतर त्यांनी मला परड्यात नेलं आणि म्हणाले, दाखवा ती देवयानी. मी दिशा दाखवली. अंधार पडला होता, पण कंपनीच्या दिव्यांनी आभाळाची ती बाजू पिवळट झाली होती आणि आम्हांला काही दिसलं नाही. "आसंल," ते म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई म्हनून काय झालं."

पुढच्या वर्षात त्यांचं ताट अवघड होऊन बसलं. दुपारच्या जेवणाच्या वेळी गावातले निम्मे लोक कामावर असत आणि निम्मे रात्रपाळी करून झोपलेले असत. हे ओट्यावर येऊन हाक मारीत. तोच आवाज, पण नदीपलीकडचं जाऊ द्या, समोरच्या घरातलंसुद्धा कुणी बाहेर येईना. मग ते ताट घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसत. माझी दिवसपाळी असली तर बंद दारापुढंच बसत. मावशी मला एकदा हळूच म्हणाल्या, "भाकर घिऊन बसत्यात, पर मोडत न्हाईत. तुमची पाळी बदलून न्हाई का व्हायाची?" मी साहेबांना विचारलं. नाही झाली.

आणि मग कारखाना वाढवायचं ठरलं. या वेळी घरांची नोटीस आली. कागद मीच वाचून दाखवला. मला वाटलं, हे आता मिशांना ताव देऊन म्हणतील, झकास झालं पाव्हनं, घरंबी सुटली, निघाया मोकळं! मी त्या वाक्याची वाट बघत राहिलो. नाही आलं, तेव्हा मीच म्हणालो, "आबा, आता निघायचं म्हणायचं का देवयानीला?"

ते देवळाच्या पायरीकडे बघत होते. पायरीवर एक कोंबडी बसली होती.

"पाव्हनं," ते म्हणाले, "त्या मास्तराला आमी खोटं सांगितलं. गावबी मरतं."

मी नोटिशीचा कागद घडी करून खिशात घातला.

ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो गेला. कुणी कंपनीच्या चाळीत, कुणी स्टेशनापाशी, कुणी पिंपळे सौदागरला मेहुण्याकडे. घरमालकांची लेक चाकणच्या पुढं दिली होती, तिकडं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सामानाची बैलगाडी भरली, मागं म्हैस बांधली. मावशी कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. घरमालक गाडीमागून चालत होते आणि त्यांच्याबरोबर चालायला मी एकटाच होतो. पण शिवेवर पोचलो तर म्हसोबापाशी मंडळी उभी. लोहार होता, सुतार होता, कुंभार होता. न्हावी दुकान बंद करून आला होता. परीट रखवालदाराच्या टोपीतच आला होता. दुसरी पाळी लागायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात सगळे पोचवायला आले होते.

घरमालकांनी सगळ्यांकडे नजर टाकली आणि म्हसोबासमोर उपरणं पसरलं. "सुपाऱ्या टाका. तुमचा शबुद मोकळा केला."

कुणी हालेना. मग लोहारानं कमरेची चंची सोडून सुपारी काढली आणि उपरण्यावर ठेवली. कुंभारानं ठेवली. मी माझी ठेवली. सुताराची पोरांनी गोट्या खेळताना हरवली होती, त्यानं बाजारातनं दुसरी आणली होती. न्हावी मान खाली घालून म्हणाला, "आबा, म्या तर तवाच खाल्ली."

"मंग तू आलास त्यात," घरमालक म्हणाले. "तुला यावंच लागंल कवातरी." आणि सगळे हसले. गाव म्हणून ते शेवटचं हसले.

तेवढ्यात मागून तो वस्तीवरचा गडी पुढं आला. हातात पितळी तांब्या होता. "आबा, वाट लांबची हाय. कंपनीच्या नळाचं पानी हाय. समदी त्याच नळाचं पित्यात."

घरमालकांनी तांब्या घेतला, वर न धरता तोंडाला लावला आणि अर्धा पिऊन गाडीत मावशींच्या हाती दिला. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं पिऊन टाकलं. त्या गड्यानं नुसता तळहात पुढं केला. घरमालकांनी उपरण्यावरची एक सुपारी उचलून त्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

आणि भोंगा झाला.

सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या. कुणी निघायला तयार नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. घरमालकांनी मूठ सोडली. "जावा रं," ते म्हणाले, "भोंगा झाला. उगी कुनाचा खाडा नगं." मग एकेक जण म्हसोबाच्या पाया पडला, त्यांच्या पाया पडला आणि कंपनीच्या रस्त्याला लागला. तो गडी सर्वांत शेवटी गेला.

माझी त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून पुढचं पाहायला मी एकटाच उरलो. घरमालक शिवेच्या दगडापाशी उभे होते. पुढं पाऊल टाकेनात. जन्मात कुठं एकट्यानं गेला नव्हता तो माणूस. गाडी हलली, आणि नेमकी शिवेवर येऊन म्हैस बुजली. चारही पाय रोवून उभी राहिली. गाडीवाल्यानं हाकललं, मी ढकललं, ती काही हालेना.

तेव्हा मावशी कोंबड्यांची पाटी बाजूला ठेवून गाडीतून खाली उतरल्या. म्हशीचा कासरा सोडून हातात घेतला, तिच्या कपाळावर हात ठेवून कानाशी काहीतरी पुटपुटल्या, आणि तिला घेऊन शिवेपलीकडे गेल्या. तिकडे थांबून त्यांनी मागं वळून पाहिलं.

"चला की," त्या म्हणाल्या. "आता काय सुपारी देताय व्हय मला?"

घरमालकांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि शीव ओलांडली.

गाड्या काय, आज ना उद्या कुणीतरी बांधीलच. देवयानीपर्यंत जाणारीही बांधतील, त्या प्राध्यापकांचा विश्वास नसला तरी माझा आहे. तिच्यात बसायला माणसं कुठून आणणार, एवढाच प्रश्न मला अधूनमधून पडतो. आणि मग तो चाकणकडे जाणारा धुळीचा रस्ता डोळ्यांपुढं येतो. पुढं गाडी, तिच्यामागं कासरा धरलेल्या मावशी आणि म्हैस, आणि त्यांच्या बरोबरीनं चाललेले आमचे घरमालक, हातवारे करून काहीतरी सांगत. काय सांगत होते ते ऐकू येत नव्हतं. पण ते एकटे चालत नव्हते, एवढं मी बराच वेळ, ते दिसेनासे होईपर्यंत पाहिलं.